मागून बसलेली मर्सिडीज : महाग सामान मागवण्याआधी

गॅरेजचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या बांधवांकडे अधूनमधून एखादी अशी गाडी टोचन करून येते, जी आठ-दहा वर्षे कुणाच्या तरी शेडमध्ये उभी होती. घरातला दावा मिटलेला असतो किंवा मालक परदेशातून परतलेला असतो, आणि आता त्याला गाडी चालू करून हवी असते. इंजिन, बॅटरी, ब्रेक यांचे काम मिस्त्रीला ठाऊक असते. पण ती गाडी मर्सिडीजच्या १२३ मालिकेतली स्टेशन वॅगन असेल, तर मागची बाजू पाहून भलेभले उस्ताद चक्रावतात. मागचा भाग खाली बसलेला असतो आणि वरून जोर दिला तर लाकडासारखा कडक लागतो. मग ठरलेले वाक्य येते, ''दोन्ही शॉकअप गेले, बाहेरून मागवावे लागतील.'' किंमत ऐकून मालक गाडी भंगारात काढायला निघतो.

माझा धंदा कापडाचा, पान्हा मी हातात धरत नाही. परंतु अशाच एका गाडीपायी मी महागडे शॉकअप मागवून बसवले, आणि गाडी होती तशीच कडक राहिली. दोष दुसरीकडेच होता. तेव्हापासून हे यंत्र समजून घेण्याची मला जिद्द लागली.

ही स्टेशन वॅगन १९७७ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात प्रथम दाखवली गेली. २४० टीडी, ३०० टीडी ही तिचीच डिझेल रूपे. डिकीत कितीही वजन टाकले तरी मागची बाजू आपोआप सपाट पातळीवर यावी, अशी सोय या सर्व वॅगनमध्ये कारखान्यातूनच होती. काही सलून गाड्यांतही ती जादा पैसे देऊन मिळत असे. कल्पना मात्र मर्सिडीजची नव्हे. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीत पॉल माजेस नावाच्या तंत्रज्ञाने तेल आणि वायू यांवर तोलली जाणारी गाडी तयार केली. १९५४ मध्ये ती युक्ती एका गाडीच्या फक्त मागच्या चाकांना लावली गेली आणि १९५५ च्या डीएस गाडीत चारही चाकांना.

मर्सिडीजने मागच्या लोखंडी स्प्रिंगा कायम ठेवल्या, पण त्या थोड्या नरम. उरलेले वजन तेल उचलते. इंजिनवरचा पंप टाकीतले तेल मागे ढकलतो. मागे एक व्हॉल्व्ह आहे. त्याचा लिव्हर एका छोट्या दांडीने मागच्या आडव्या बारला जोडलेला असतो. वजनाने गाडी खाली गेली की दांडी लिव्हर फिरवते, व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल शॉकअपमध्ये जाते. गाडी पातळीवर आली की तो रस्ता बंद होतो आणि पंपाचे तेल टाकीकडे परत फिरत राहते. प्रत्येक शॉकअपला नळीने एक लोखंडी गोळा जोडलेला आहे. गोळ्यात रबरी पडदा असून एका बाजूला तेल आणि दुसऱ्या बाजूला दाबलेला नायट्रोजन असतो. खड्ड्यात चाक उसळले की तेल या नायट्रोजनवर आदळते आणि तो उशीसारखा दबतो.

येथेच सारी मेख आहे. गाडी खाली बसणे आणि गाडी कडक होणे ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. उंची सांभाळतात पंप, व्हॉल्व्ह आणि दांडी. नरमपणा देतात ते गोळे. पडद्यातून नायट्रोजन वर्षानुवर्षे हळूहळू झिरपतच असतो, गाडी चालो वा उभी राहो. नायट्रोजन संपला की तेलाला दबायला जागाच उरत नाही, कारण तेल दबत नाही. आपण समजतो शॉकअप अडकला. तो बहुधा शाबूत असतो. हां, मेलेल्या गोळ्यांवर गाडी तशीच पळवत राहिलो तर ते धक्के खाऊन शॉकअपचे सील मात्र खरोखर जाते.

तपासणी टाकीपासून सुरू करावी. तेल कमी असेल तर ते गेले कुठे, हे शोधावे. टाकीजवळच्या रबरी नळ्या सुकून तडकतात, त्या स्वस्तात बदलतात. मागच्या लोखंडी नळ्या गंजतात, आणि शॉकअपच्या दांड्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर तेथून तेल येते. तेल भरताना चूक करू नये. या यंत्राला मर्सिडीजच्या ३४३.० या दर्जाचे खनिज हायड्रॉलिक तेल लागते. ब्रेक ऑइल टाकले तर आतली रबरे फुगून खराब होतात, आणि मग खरोखरच सगळे बदलावे लागते.

तेल ठीक असेल तर गाडी चाकांवर उभी ठेवूनच इंजिन चालू करावे आणि डिकीत दोन-तीन माणसे बसवावीत. थोड्या वेळात मागची बाजू वर यायला हवी. आली नाही तर इंजिन बंद करून दांडी लिव्हरपासून सोडवावी. मग इंजिन पुन्हा चालू करून, गाडीखाली न जाता, बाजूने लांब सळईने लिव्हर भरण्याच्या दिशेने सरकवावा. गाडी उठली तर पंप आणि व्हॉल्व्ह दोन्ही चांगले आहेत, फक्त दांडी तुटली किंवा गंजून जाम झाली आहे. किरकोळ काम! नाही उठली, तर टाकीकडे परत येणारी नळी सोडून बाटलीत धरावी, लिव्हर मधल्या स्थितीत ठेवावा आणि इंजिन थोडा वेळ चालवून पाहावे. तेल येत नसेल तर पंपाकडे किंवा टाकीतल्या तुंबलेल्या जाळीकडे पाहावे. तेल येत असेल तर संशय व्हॉल्व्हवर. एका रात्रीत गाडी थोडी खाली बसते, त्याची चिंता नको.

गाडी पातळीवर येऊनही कडक राहिली, तर गोळेच बदलावेत, तेही जोडीने. त्यांत पुन्हा नायट्रोजन भरण्याची सोय नसते. काही गॅरेजवाले सगळे काढून साधे शॉकअप बसवून देतात. पण मूळ स्प्रिंगा नरम असल्याने माल भरताच मागची बाजू लोंबते. तसे करायचेच असेल तर स्प्रिंगाही बदलाव्या लागतात, आणि हे ग्राहकाला आधी सांगितले पाहिजे.

आता जिवाची गोष्ट. या नळ्यांतला दाब टायरातल्या हवेच्या कितीतरी पट असतो. गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. तेलाची बारीक धार कातडीच्या आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण हात गमावण्याची पाळी येऊ शकते. असे झाले तर मलमपट्टी करून घरी न जाता लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेले इस्पितळ गाठावे. नळी किंवा गोळा खोलण्यापूर्वी व्हॉल्व्हवरच्या ब्लीड स्क्रूला रबरी नळी लावून दाब पूर्ण उतरवावा. दाब उतरताना गाडी खाली येते, म्हणून त्याआधीच घोड्या लावलेल्या असाव्यात. नुसत्या जॅकच्या भरवशावर शागिर्दाला खाली पाठवू नये.

काढलेले जुने गोळे आपल्याच भंगारवाल्या बांधवांकडे जातात. गोळा निकामी वाटला तरी आत दाब शिल्लक असू शकतो. गॅस कटर किंवा ड्रिल लावले तर तो फुटतो. देताना गोळ्यावर रंगाने खूण करावी आणि घेणाऱ्याला तोंडी सांगावे.