लाल्या की तुडतुडे?

कपाशीचे पान तांबडे दिसले, की अनेक शेतांत कीटकनाशकाचा पंप बाहेर निघतो. ही घाई महागात पडते.

हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियमचा अणू असतो. पुरवठा अपुरा पडल्यास झाड जुन्या पानांतील मॅग्नेशियम काढून नव्या वाढीकडे व बोंडांकडे वळवते. म्हणूनच कमतरतेची लाली खालच्या पानांपासून सुरू होते. शिरा हिरव्या राहतात, मधला भाग लाल होतो. बोंडे भरताना हे विशेष दिसते. पालाशाची मात्रा अवाजवी असल्यास जमिनीतील मॅग्नेशियमही मुळांना नीट घेता येत नाही.

तुडतुड्यांमुळे मात्र पानांच्या कडा प्रथम पिवळ्या पडून खाली वळतात, नंतर लालसर होतात. पान उलटून पाहावे. तिरपी चालणारी फिकट हिरवी पिल्ले प्रति पान २ ते ३ आढळली तरच कीटकनाशकाचा विचार करावा. अन्यथा मरतील ते मित्रकीटकच. क्वचित दोन्ही कारणे एकाच शेतात असतात.

कमतरतेची लक्षणे दिसताच १ टक्का मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम, फवारावे. पूर्ण लाल झालेले पान सहसा पुन्हा हिरवे होत नाही. फवारणी वरच्या पानांसाठी असते.