कुऱ्हाडीचा दांडा दोस्तास काळ!

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलेली. तिचा शब्दशः अनुभव मला एनएसएसच्या सात दिवसांच्या कॅम्पमध्ये आला. चाळीस जणांचा स्वयंपाक चुलीवर, आणि सरपण म्हणजे गावकऱ्यांनी दिलेले बाभळीचे वाळके ओंडके. "तू मेकॅनिकलचा ना? मग कुऱ्हाड तूच आण," असं फर्मान निघालं. मी बाजारात जाऊन चकाचक पात्याची, लालभडक रंगवलेल्या दांड्याची एक हातकुऱ्हाड आणली. घासाघीस करून वीस रुपये कमी केले म्हणून वर कॉलरही ताठ!

दुसऱ्या संध्याकाळी, चौथ्या-पाचव्या घावाला माझ्या हातात नुसता दांडा राहिला. पातं समोर बसलेल्या मित्राच्या कानाजवळून गेलं आणि मागच्या पत्र्याच्या पिंपावर आदळलं. दोन मिनिटं कोणी बोललंच नाही. मित्रांनो, हा लेख त्या दोन मिनिटांमुळे लिहितोय.

रात्री झोप येईना म्हणून हिशोब मांडला. पातं साधारण ६०० ग्रॅमचं. घावाच्या वेळी वेग सेकंदाला १० मीटर धरा, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. ऊर्जा झाली ३० ज्यूल. खांद्यापासून पात्यापर्यंतची त्रिज्या ०.८ मीटर घेतली, तर पातं बाहेर ओढणारं बल येतं ७५ न्यूटन. थोडक्यात, प्रत्येक घावाला कोणीतरी साडेसात किलोचं वजन पात्याला टांगतंय! तेव्हा कुऱ्हाड घेताना पहिला प्रश्न "धार कशी आहे?" हा नाहीच. पहिला प्रश्न "पातं दांड्याला धरून कसं बसलंय?" हा आहे.

सकाळी गावातल्या लोहारकाकांकडे गेलो. त्यांनी दांडा नखाने खरवडला आणि हसले. "पोरा, ह्यो रंग कशापायी लावलाय ठावं हाय का? आतलं झाकाया." रंगाखाली लाकूड ओलं होतं. ओल्या लाकडाचा दांडा वाळला की आकसतो आणि भोकात सैल होतो. मग आपण कुऱ्हाड बादलीत बुडवून ठेवतो. लाकूड फुगतं, घट्ट झाल्यासारखं वाटतं. पण भोकाच्या आत फुगायला जागा नसल्याने लाकडाचे तंतू चेपले जातात, आणि पुन्हा वाळल्यावर दांडा पहिल्यापेक्षा जास्त सैल होतो. म्हणून दांडा बिनरंगाचा, पूर्ण वाळलेला घ्या. बाभूळ किंवा धामण उत्तम. पाण्याऐवजी अधूनमधून जवसाचं तेल चोळा.

दांड्याचं टोक वरून निरखा. लाकडाच्या रेषा धारेला समांतर हव्यात, आडव्या नकोत. लांबीतही रेषा मुठीपासून पात्यापर्यंत सलग जायला हव्यात. मध्येच तिरप्या बाहेर पडल्या असतील, तर दांडा तिथेच चिरणार.

आता जोड. चांगल्या कुऱ्हाडीचं भोक मध्ये थोडं अरुंद आणि दोन्ही तोंडांना रुंद असतं. दांडा खालून घालायचा आणि वरच्या खाचेत लाकडी पाचर ठोकायची, म्हणजे लाकूड वर फाकतं आणि पातं निसटत नाही. दुसरी पद्धत टिकावाची. दांड्याचं वरचं टोक जाड ठेवून तो वरून घालायचा. जितकं जोरात फिरवाल तितकं पातं घट्ट. दोन्ही चालतात. माझ्या कुऱ्हाडीत यातलं काहीच नव्हतं, होता फक्त एक खिळा!

तिसरी गोष्ट पोलादाची. काका ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यापासून पाती करतात. त्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का, म्हणजे पाणी देण्याजोगा. पातं लाल तापवून ते फक्त धारेकडची बाजू पाण्यात बुडवतात, लगेच काढून घासतात आणि बघत बसतात. मागच्या भागातली उष्णता हळूहळू धारेकडे येते आणि चकचकीत पोलादावर रंग चढतात. आधी गवती पिवळा, मग तांबूस, मग जांभळा. तांबूस-जांभळा दिसला की पुन्हा पाण्यात! टीटीटी कर्व्ह पाठ करून व्हायवात त-त-प-प करणारे आम्ही, आणि इथे काका २७० अंशांच्या आसपासचं टेम्परिंग थर्मामीटरशिवाय करत होते. अशी धार कडक राहते आणि मागचा भाग चिवट.

दुकानात हे तपासायला खिशात छोटी कानस ठेवा. धारेवर कानस लोण्यासारखी चालली तर पातं मऊ, काचेवरून घसरावी तशी घसरली तर ठिसूळ. जेमतेम चावली तर घ्या. धारेचा कोन २५ ते ३० अंश असावा. ब्लेडसारखी पातळ धार बाभळीच्या गाठीवर तुकडे पाडून घेते.

मापाचं म्हणाल तर कॅम्पला ५०० ते ७०० ग्रॅमचं पातं आणि ३५-४० सेंटिमीटरचा दांडा पुरे. पण आखूड दांडा सुरक्षित, हा गैरसमज काढून टाका. लांब कुऱ्हाडीचा घाव चुकला तर ती बहुधा जमिनीत रुतते. हातकुऱ्हाडीचा चुकला तर ती थेट नडगीवर येते. म्हणून गुडघ्यांवर बसून, ओंडक्याखाली दुसरा ओंडका ठेवूनच फोडा.

आणि ही कुऱ्हाड फक्त वाळक्या सरपणासाठी, तीही मालकाच्या परवानगीने. हरिश्चंद्रगडाचा ट्रेक ठरला, तर ती घरीच ठेवा. तो भाग अभयारण्यात येतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. तिथे स्टोव्ह न्या.

काकांनी तेच पातं पुन्हा पाणी देऊन, नवीन दांडा-पाचर घालून दिलं. उरलेला कॅम्प त्यावर निघाला. तो मित्र मात्र अजूनही माझ्या हातात कुऱ्हाड दिसली की दहा पावलं मागे सरकतो. सवय चांगली आहे, तुम्हीही लावून घ्या!