मण्याला धरणारी कडी

मण्यांच्या दागिन्यात नजर मणी आणि वाट्यांवर ठरत असली, तरी तो दागिना किती टिकेल हे दोन मण्यांना जोडणाऱ्या तारेच्या कडीवर अवलंबून असते. पूर्वी पटवेकरी मंगळसूत्र रेशमी दोऱ्यात गाठवून देत. पुढे सोन्याच्या तारेत गाठवण्याची पद्धत रूढ झाली, आणि तीत तारेच्या तुकड्यात मणी ओवून दोन्ही टोकांना कडी वळवली जाते. सुटी कडी डाख लावून सांधता येते; मणी ओवलेल्या तारेला मात्र जाळ दाखवता येत नाही, कारण उष्णतेने मोत्याचे पाणी जाते आणि काच तडकते. त्यामुळे येथे सांध्याचे काम केवळ वळणाला करावे लागते, आणि कारागिराचे खरे कसब तेथेच दिसते.

मण्यातून वर आलेली तार प्रथम मण्यालगत काटकोनात वाकवतात. ही पायरी गाळल्यास कडी मध्यावर न बसता एका बाजूला कलते आणि मणी तिरका लोंबतो. मग गोल तोंडाच्या पकडीत टोक धरून मनगट फिरवले जाते. पकडीचे तोंड 2 मिलिमीटर आणि तार अर्धा मिलिमीटर जाडीची असेल, तर एका कडीला सुमारे 8 मिलिमीटर तार लागते. तोंड निमुळते असल्याने दर वेळी जागा बदलली की कड्या लहानमोठ्या होतात, म्हणून पकडीवर शाईची खूण करून ठेवतात.

अशी साधी कडी ओढ बसताच उघडते. रोजच्या वापरातल्या दागिन्यासाठी काटकोनाआधी दोनेक मिलिमीटर तार मोकळी सोडून, कडी वळवल्यावर उरलेल्या टोकाचे दोन-तीन वेढे त्या मोकळ्या भागावर लगटून घालतात. शेजारची कडी मात्र वेढ्यांपूर्वीच अडकवावी लागते, कारण नंतर ती आत घालायला फट उरत नाही. शेवटचे टोक मण्याजवळ कापून चपट्या पकडीने दाबतात. वळवताना धातू कठीण होतो, आणि त्यानेच कडीला बळ येते. परंतु चुकलेली कडी सरळ करून पुन्हा वळवली, तर तार त्याच जागी मोडण्याची भीती असते. अशा वेळी नवा तुकडा घेणे हेच प्रामाणिक काम होय.

मंगळसूत्र गाठवून घेताना वजन आणि घडणावळ सारेच पाहतात. त्यासोबत कड्यांवरून रेशमी चिंधी फिरवून पाहावी, आणि धागा कोठे अडकलाच तर ते टोक दुकानातच दाबून घ्यावे.