कुंचल्यावाचून रंगवलेला डोंगर

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये भव्य जिन्याच्या माथ्यावर एक प्रचंड काचचित्र उभे आहे. मागे न्यू हॅम्पशायरमधला चोकोरुआ पर्वत, पुढे धबधबा, मधल्या झाडीतून झिरपणारे ऊन. हार्टवेल स्मृती-खिडकी या नावाने ते ओळखले जाते. न्यूयॉर्कच्या टिफनी स्टुडिओजने १९१७ साली ते प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका चर्चसाठी घडवले. ४८ भाग जोडून उभ्या केलेल्या या दृश्याचा आराखडा अ‍ॅग्नेस नॉर्थ्रॉप यांचा मानला जातो. त्यातला रंग मुळातच काचेत आहे आणि डोंगराचा दूरपणा एकामागे एक बसवलेल्या काचांमधून आला आहे.

काचेवर काच चढवण्याची युक्ती जुनीच. मध्ययुगीन युरोपात तांब्याने लाल केलेली काच इतकी गडद होई की पूर्ण जाडीत ती काळी दिसे. म्हणून कारागीर बिनरंगी काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवत. चेहरे, वस्त्रांच्या चुण्या, सावल्या मात्र ते गडद रंगाने रेखाटून भट्टीत पक्क्या करत. त्या रंगामुळे तेवढा प्रकाश अडे.

ही अडचण दोन अमेरिकी चित्रकारांनी दूर केली. जॉन ला फार्ज यांनी १८८० साली दुधी झाक असलेल्या ओपलसारख्या काचेच्या खिडक्यांचे पेटंट मिळवले. पुढच्याच वर्षी लुई कम्फर्ट टिफनी यांनाही पेटंटे मिळाली. अशा काचेतले सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात, त्यामुळे ती आतून उजळल्यासारखी दिसते. टिफनींच्या कारखान्यात वितळलेल्या काचेला घड्या पाडून वस्त्रांच्या चुण्या साधत. पातळ काचेचे रंगीत कपचे तावात मिसळले की पानांची गर्दी तयार होई. चेहरे आणि हात मात्र तिथेही रंगवलेच जात.

काम चाले ते असे. आधी पूर्ण आकाराचे रेखाचित्र, मग त्यावरून कागदी साचे. प्रत्येक साच्यासाठी ताव उजेडासमोर धरून नेमका तुकडा निवडला जाई. कापलेल्या तुकड्यांच्या कडांना तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून डाख दिला जाई. जाड सांधे हवेत तिथे शिशाच्या पट्ट्या वापरत. धुके हवे तिथे मागून दुधी काच आणि सावली खोल करायची तिथे निळी किंवा जांभळी. काही ठिकाणी असे अनेक थर बसत.

ही निवड करणाऱ्या डोळ्यांत कितीतरी स्त्रियांचे डोळे होते. टिफनींनी १८९२ साली काच निवडण्या-कापण्यासाठी स्त्रियांचा स्वतंत्र विभाग काढला आणि क्लारा ड्रिस्कॉल त्याच्या प्रमुख झाल्या. त्यांची पत्रे अभ्यासकांसमोर आली आणि प्रसिद्ध टिफनी दिव्यांपैकी अनेकांचे आराखडे त्यांचे असल्याचे उघड झाले. २००७ साली न्यूयॉर्कमध्ये त्यावर प्रदर्शनही भरले.

थरांमुळे सौंदर्य येते, तशी जोखीमही. काचांच्या फटींत धूळ शिरली की ती बाहेरून पुसता येत नाही, रंग मंदावतात. मग भाग उतरवून, थर सुटे करून, प्रत्येक काच स्वच्छ करून पुन्हा त्याच क्रमाने बसवावी लागते. हा क्रम नोंदवून ठेवणे म्हणूनच संवर्धनाचे पहिले काम ठरते: मागची एक काच बदलली, तर समोरचा डोंगरही बदलतो.