अनुभवाचा रकाना कोणी भरायचा?

खुलताबाद तालुक्यातल्या एका शाळेत पोरांना फुटबॉल शिकवणारा आमचा एक तरुण मित्र आहे. गेल्या वर्षी शहरातल्या एका संस्थेत प्रशिक्षकाच्या जागेसाठी तो मुलाखतीला गेला. संस्थेचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण आमची तक्रार त्या एका संस्थेपुरती नाही. अर्जात एक रकाना होता : ‘मागील तीन वर्षांतील संघाची कामगिरी’. मित्राने प्रामाणिकपणे लिहिले : जिल्हास्तर, पहिल्या फेरीत पराभूत. तिन्ही वर्षे तेच. मुलाखत घेणारी मंडळी सभ्य होती. त्यांनी चहा पाजला, आस्थेने चौकशी केली आणि सांगितले, ‘अजून थोडा अनुभव घ्या, काही निकाल दाखवा, मग अवश्य या.’ जागा एका मोठ्या इंग्रजी शाळेच्या प्रशिक्षकाला मिळाली. त्याच्या संघाने करंडक जिंकले होते. त्या शाळेला कृत्रिम हिरवळीचे मैदान आहे.

वरवर पाहता यात अन्याय कुठे आहे? ज्याने जिंकून दाखवले त्याला घेतले, ज्याने नाही दाखवले त्याला नाही घेतले. हाच तर गुणवत्तेचा न्याय, असे कोणीही म्हणेल. पण वाचकहो, ‘अनुभव’ आणि ‘निकाल’ हे दोन शब्द आपल्या समाजाने इतक्या वेळा ऐकले आहेत की ते कानावर पडले की आम्ही जरा थांबून विचारतो : अनुभव घ्यायला संधी कोणी दिली होती? आणि निकाल लावायला साधने काय दिली होती?

फुटबॉलमध्ये हा प्रश्न फार स्वच्छ दिसतो, कारण तिथे निकाल आकड्यात लागतो. सध्या भारतीय फुटबॉलमध्ये गाजणारे नाव घ्या : खालिद जमील. जन्म कुवेतचा, १९७७ चा, पण खेळाडू मुंबईच्या मैदानांवरचा. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया असे करत ते मुंबई एफसीकडे आले आणि २००९ पासून त्याच संघाचे प्रशिक्षक झाले. सात वर्षे त्यांनी कमी पैशातला हा संघ राष्ट्रीय साखळीत टिकवला. अजिंक्यपद कधी मिळाले नाही. कागदावर पाहाल तर या सात वर्षांत ‘निकाल’ काहीच नाही. २०१६ मध्ये तिथला मुक्काम संपला आणि त्यांना मिझोरामच्या आयझॉल एफसीने घेतले. हा संघ आदल्याच हंगामात साखळीतून खाली घसरला होता. गोव्याचे काही क्लब बाहेर पडले म्हणून त्याला परत प्रवेश मिळाला होता. अशा संघाने ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी करून आय-लीग जिंकली. मोहन बागानसारखा बलाढ्य संघ एका गुणाने मागे राहिला. ईशान्य भारतातल्या कोणत्याही संघाने मिळवलेले हे पहिले राष्ट्रीय साखळी विजेतेपद.

आणि त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटच्या क्रमांकावर जाऊन साखळीतून बाहेर पडला. आता त्या सात वर्षांकडे पुन्हा पाहा. ज्याला आपण ‘निकाल नाही’ म्हणत होतो, ते संघाला बुडू न देणे हाच मोठा निकाल होता. तो माणूस गेल्यावरच तो दिसला. आपल्या समाजात असे संघ टिकवणारे फार आहेत. एका पगारावर चार भावंडे शिकवणारा थोरला भाऊ कोणत्या रकान्यात बसतो?

पुढचा हिशोबही सरळ नाही. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडचा परदेशी प्रशिक्षक गेला, जमील तात्पुरते आले, आणि हा संघ न हरता उपांत्य फेरीपर्यंत गेला. मग त्यांना कायम केले. २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये कायम मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमलेले ते पहिले भारतीय. इतकी वर्षे भारतीय प्रशिक्षक त्या साखळीत होते, पण बहुतेक सहायक म्हणून : शंकू मांडायला, खेळाडू तापवायला. नेमून झाल्यावर पुढच्या हंगामात तोच संघ ११ संघांत दहावा आला. माणूस तोच, संघ तोच, एका वर्षी चौघांत आणि दुसऱ्या वर्षी तळाला. मग कोणता निकाल खरा धरायचा?

१ ऑगस्ट २०२५ रोजी जमील राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. २०११-१२ मधल्या गोव्याच्या सॅव्हिओ मदेरा यांच्यानंतर १३ वर्षांनी ही खुर्ची भारतीयाला मिळाली. महिन्याभरात मध्य आशियातल्या स्पर्धेत भारत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा आला तेव्हा हारतुरे झाले. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून १-२ हरून आशिया चषकाचे दार बंद झाले, नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडून ०-१ हार झाली, आणि तीच तोंडे विचारू लागली की या माणसाला मोठ्या स्पर्धेचा अनुभव होता का? आधीच्या स्पॅनिश प्रशिक्षकाच्या काळात याच पात्रता फेरीत बांगलादेशशी बरोबरी आणि हाँगकाँगकडून हार झाली होती, म्हणजे जमील आले तेव्हा दोन सामन्यांत एकच गुण खात्यावर होता, हे मात्र या चर्चेत कोणी मोजत नाही. जमील यांच्या काही चुका नाहीत असे आम्ही म्हणत नाही. घरच्या मैदानावर आघाडी घेऊन सामना घालवला, ती जबाबदारी त्यांचीच. पण वारसाने आलेले कर्ज नव्या मालकाच्या उधळपट्टीत धरायचे नसते, एवढे तर आपल्या गावचा सावकारही जाणतो. त्यांच्या आधी क्रोएशियाचे इगोर स्टिमॅच यांना २०१९ ते २०२४ अशी पाच वर्षे मिळाली. आम्हाला त्याचा हेवा नाही. प्रशिक्षकाला वेळ मिळालाच पाहिजे. आमचा प्रश्न एवढाच की तेवढाच धीर आपल्या माणसाच्या वाट्याला येतो का?

धीर दिला तर काय होते, याचा दाखला आपल्याच जुन्या राज्यात आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, खुलताबादही. त्या हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शाळामास्तर. १९५१ च्या पहिल्या आशियाई खेळांत त्यांच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. पण दुसऱ्याच वर्षी, हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये, युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे धुतले. दहा गोल! आजच्या वाहिन्या असत्या तर मास्तरांना विमानतळावरूनच घरी पाठवले असते. तसे झाले नाही. रहीम कामावर राहिले, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला. तेवढी मजल भारताने ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये ना आधी मारली होती ना नंतर मारली. १९६२ मध्ये जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ हरवून पुन्हा सुवर्ण. कर्करोगाने पोखरलेल्या शरीराने त्यांनी तो संघ उभा केला होता. जून १९६३ मध्ये ते गेले. १-१० हा आकडा खरा होता, पण १९५२ साली तेवढाच आकडा पाहून निर्णय घेतला असता तर मेलबर्न आणि जकार्ता दोन्ही झाले नसते.

आता दुसरी बाजू. निकाल असेल तर संधी मिळते, हे तरी खरे आहे का? इंग्लंडमध्ये टोनी कॉलिन्स हे साखळी फुटबॉलमधले पहिले कृष्णवर्णीय व्यवस्थापक. तिथे प्रशिक्षकाला व्यवस्थापकच म्हणतात. १९६० मध्ये त्यांनी रॉचडेल हा चौथ्या श्रेणीतला गरीब संघ हाती घेतला आणि १९६२ मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला. एवढा निकाल दाखवल्यावर मोठ्या संघांच्या रांगा लागायला हव्या होत्या. त्यांचे पुढचे बहुतेक आयुष्य दुसऱ्यांच्या संघांसाठी खेळाडू हेरण्यात गेले. याउलट अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांना १९७८ मध्ये सेंट मिरन संघाने काढून टाकले, तरी पुढे अ‍ॅबर्डीन मिळाले. १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेड मिळाले आणि तिथला पहिला चषक यायला १९९० उजाडले. फर्ग्युसन थोरच होते. पण थोरवी सिद्ध व्हायला आधी काढून टाकले गेल्यावरही दुसरा दरवाजा उघडा असावा लागतो.

हे आम्हाला इंग्लंडवरून शिकायची गरज नाही. पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. भारतात त्या काळी त्यांच्या तोडीचा डावखुरा फिरकी गोलंदाज नव्हता. तरी हिंदू जिमखान्याच्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ‘अनुभव’ कमी पडला की ‘निकाल’? दोन्ही ओसंडून होते. कमी पडली ती जात. धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये ते पद मिळाले आणि त्या वर्षी हिंदू संघ जिंकला. (पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसच्या तिकिटावर उभे राहिले आणि पडले, हा इतिहास आम्ही विसरलेलो नाही. त्याने त्यांची गोलंदाजी खोटी ठरत नाही.)

आणि खुलताबादकरांना तर दूर कुठेच जायला नको. गावाबाहेर मलिक अंबरचा मकबरा आहे. भद्रा मारुतीला जाणाऱ्या आणि दर्ग्यांवर येणाऱ्या गर्दीतले फार थोडे लोक तिकडे वळतात. आमचा मित्र मात्र पोरांना पळायला त्या बाजूलाच नेतो. इथिओपियात जन्मलेला, पोरवयात गुलाम म्हणून विकला गेलेला, हातोहात मालक बदलत अहमदनगरला आलेला हा माणूस. तिथे त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीजखान स्वतः हबशी होता. त्याच वाटेने आलेला माणूस निवड करणाऱ्याच्या जागी बसलेला होता, हे ध्यानात घ्या. पुढे अंबर स्वतः पेशवा झाला, १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तिला नहरीचे पाणी दिले. तेच आजचे आपले शहर. पण १६१६ मध्ये रोशनगावला मोगलांनी त्याला हरवले, खडकी जाळली. १६१७ आणि १६२१ मध्ये त्याला पड खाऊन तह करावा लागला. निकालाच्या रकान्यात तीन ओळी पराभवाच्या! १६२४ मध्ये भातवडीला त्यानेच मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजांना एकत्र धूळ चारली. त्याच खुलताबादेत बादशहा औरंगजेबाची साधी कबर आहे. तिच्यावरून होणाऱ्या राजकारणात आम्हाला पडायचे नाही. पण जगातली सर्वांत मोठी फौज आणि खजिना हाताशी असताना पंचवीस वर्षे दख्खनेत घालवून जे साधले नाही, आणि मूठभर साधनांवर अंबरने जे साधले, त्याची तुलना निदान क्रीडाशिक्षकांनी तरी करून पाहावी.

मग निकाल पाहूच नयेत का? जरूर पाहावेत. निकाल न पाहता वशिल्याने नेमणूक करा असे सांगणारे आम्ही नव्हे. वशिल्याने आजवर कोणाचे भले झाले हे आम्हाला चांगले माहीत आहे. पण धावपटू कुठून सुटला हे न पाहता फक्त कुठे पोहोचला हे पाहणे म्हणजे मोजमाप नव्हे. अमेरिकेतल्या त्यांच्या फुटबॉलने २००३ मध्ये नियम केला होता की मुख्य प्रशिक्षक नेमताना निदान एका अल्पसंख्याक वंशाच्या उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे. फक्त मुलाखत, नोकरी नव्हे. तेवढ्यावरही तिथे गुणवत्ता बुडाल्याची ओरड झाली. ही ओरड कोणत्या देशात कोणत्या भाषेत होते एवढाच काय तो फरक!

आमच्या मित्राकडे परत येऊ. त्याच्या शाळेत तो आला तेव्हा एक चेंडू होता, तोही व्हॉलीबॉलचा. दिवाळीनंतर निम्मी पोरे आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, त्यामुळे संघ दरवर्षी अर्धा नवा. पहिल्या वर्षी जिल्ह्याच्या गावी ही पोरे अनवाणी खेळली आणि ९-० ने हरली. दुसऱ्या वर्षी ४-१. तिसऱ्या वर्षी २-१, आणि तो दुसरा गोल शेवटच्या मिनिटाला खाल्ला. समोर तिन्ही वेळा शहरातले तयार संघ होते. अर्जाच्या रकान्यात या तिन्ही वर्षांसाठी एकच शब्द मावला : पराभूत. करंडकवाल्या प्रशिक्षकाकडे पोरे येतात ती पाचव्या वर्षापासून बूट घालून आलेली. त्याची लायकी आम्ही नाकारत नाही; त्याला आमच्या मित्राची पोरे तीन वर्षे दिली असती तर काय झाले असते, हे तपासायची सोय त्या अर्जात नव्हती.

यंदा त्याच जागेसारखी आणखी एक जागा निघाली आहे. मित्राने पुन्हा अर्ज भरला. ‘कामगिरी’च्या रकान्यात या वेळी त्याने ०-९, १-४, १-२ असे लिहिले, आणि पुढे : पहिल्या वर्षी सरावाला ११ पोरे, आता ३४, त्यांत ९ मुली. रकाना पुरला नाही म्हणून त्याने मागे एक कोरा कागद टाचला आहे.