तुटीचा पत्ता

देवरीहून चिचगडचा रस्ता धरला की दिवाळीनंतरच्या दिवसांत दोन्ही अंगांना एकच लगबग दिसते. बांध्यांतलं हलकं धान कापून झालेलं असतं, भारी धान कापणीला आलेलं असतं आणि खरेदी केंद्राच्या आवारात कट्ट्यांच्या थप्प्या वाढत असतात. पुढे ककोडीकडे जंगल दाट होत जातं, पलीकडे छत्तीसगडची हद्द लागते. कारखाना म्हणावं असं इथे काही नजरेला पडत नाही. पण या कट्ट्यांमधलं धान ज्या भातगिरण्यांत भरडलं जाणार, त्या गिरण्या हाच गोंदिया जिल्ह्याचा मुख्य कारखाना आहे. यंत्रं एकमेकांशी आणि माणसांशी बोलू लागली की कारखानदारीत काय बदलतं, हे समजून घ्यायला पुण्याच्या चाकणपर्यंत जायची गरज नाही. धानाच्या कट्ट्यामागे चालत गेलं तरी पुरे.

या वाटेवर प्रत्येक मुक्कामी धान थोडं कमी होतं. शेतकरी म्हणतो, काट्यात मारलं. केंद्रावरचा माणूस म्हणतो, धान पडून पडून सुकलं. गिरणीवाला म्हणतो, धानच तसं होतं, तांदूळ कुठून आणू? तूट तर झालेली असते, पण कुठे झाली हे कुणालाच सांगता येत नाही. मग ती हमाल, मिस्त्री किंवा शेतकरी अशा सगळ्यांत लहान माणसाच्या नावावर जाते.

आधी पाण्याचा हिशेब मांडू. सरकारी खरेदीत धानात १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. असं १०० किलो धान केंद्रावर पडून १४ टक्क्यांवर आलं, तर त्यातला कोरडा भाग ८३ किलो होता तेवढाच राहतो, पण एकूण वजन साधारण साडेशहाण्णव किलो भरतं. साडेतीन किलो हवेत गेले. हजार क्विंटलच्या थप्पीत हा आकडा ३५ क्विंटल होतो. यात कुणी एक दाणा चोरलेला नसतो. पण घेताना किती ओलावा होता आणि उचल झाली तेव्हा किती राहिला, याची पक्की नोंद नसेल, तर या ३५ क्विंटलांचा जाब कुणाला तरी द्यावाच लागतो.

गिरणीतही हेच चालतं. सरकारसाठी भरडाई करताना १०० किलो धानामागे ६७ किलो अरवा, म्हणजे न उकडलेला, तांदूळ द्यायचा असतो, उसना, म्हणजे उकडा, असेल तर ६८ किलो. अरव्यात तुकडा २५ टक्क्यांच्या वर चालत नाही. एक लॉट २९० क्विंटल तांदळाचा धरला तर त्यासाठी साधारण ४३३ क्विंटल धान भरडावं लागतं. ६७ हा उतारा आपल्या भागातल्या धानाला झेपत नाही, इथला दाणा जास्त तुटतो, अशी इथल्या गिरणीमालकांची जुनी तक्रार आहे आणि ती अगदीच निराधार नाही. धानात वजनाने पाचवा हिस्सा तर नुसता तूसच असतो. वरचा कोंडा आठ-दहा टक्के. हाती राहतो तो सत्तरीच्या आसपास. म्हणजे ६७ हा आकडा काठावरचाच आहे. तेवढ्यात सगळं नीट बसवायचं असतं.

आजवर गिरणीची कामगिरी मोजायची म्हणजे हा उतारा आणि हा तुकडा बघायचा. तो निकाल लॉट संपल्यावर लागतो. तोवर ४३३ क्विंटल धान यंत्रांतून निघून गेलेलं असतं आणि त्यातलं काही परत फिरवता येत नाही.

मिस्त्री मात्र लॉट संपायची वाट बघत बसलेला नसतो. पॉलिशरपाशी उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीचे हात बघावेत. तांदूळ बाहेर पडतो त्या तोंडाशी दांड्यावर वजनं लावलेली असतात. वजन वाढवलं की आतला दाब वाढतो, तांदूळ जास्त घासला जातो, जास्त पांढरा होतो आणि जास्त तुटतोही. दाब वाढला की मोटर जास्त करंट ओढते आणि पॅनलवरच्या अँपिअर मीटरचा काटा वर सरकतो. मिस्त्रीची एक नजर त्या काट्यावर असते. एका हाताने तो पॉलिशरच्या तोंडाशी पसा धरतो, तळहातावर दाणे पसरतो, कणी किती पडली ते अंगठ्याने बाजूला सारून बघतो. दाणा दाताखाली धरतो, तो कसा फुटतो त्यावरून त्याला ओलावा कळतो. कामगिरीचं मोजमाप गिरणीत पहिल्यापासून आहे. ते फक्त एका माणसाच्या हातात आहे आणि तो जेवायला गेला की थांबतं.

जोडलेली यंत्रं म्हणजे मुळात हा अँपिअरचा काटाच. फरक एवढाच की तो आता आठवण ठेवतो. मोटरकडे जाणाऱ्या केबलमधल्या एका तारेभोवती बांगडीसारखी एक लहान कडी बसवतात. तारेतून किती करंट जातो ते तिला तार न कापता कळतं. अशी कडी काहीशे रुपयांत मिळते. ती एका छोट्या डबीला जोडलेली असते, डबीत सिमकार्ड असतं आणि दर काही सेकंदांनी आकडा नोंदला जातो. बेअरिंगच्या घरावर थरथर मोजणारं दुसरं यंत्र चिकटवता येतं. बेअरिंग खराब व्हायला लागलं की कानाला आवाज येण्याच्या आधीच थरथरीची चाल बदलते. ऐन हंगामात धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचं बेअरिंग बसलं आणि सुटा भाग गोंदियाहून नाहीतर थेट नागपूरहून आणायची वेळ आली, तर पूर्ण दिवस जातो. आठ दिवस आधी कळलं तर तेच काम रविवारी तासाभरात उरकतं.

पण मला याहून मोठी वाटते ती न दिसणारी तूट. शेलरमध्ये रबराचे दोन रोल समोरासमोर फिरतात, एक जरा वेगाने, दुसरा हळू. त्या ओढाताणीत दाण्यावरचा तूस निघतो. वेगाने फिरणारा रोल लवकर झिजतो, म्हणून अधूनमधून दोघांची अदलाबदल करतात. रोल झिजले आणि फट बरोबर बसवली नाही की बरंच धान न सोलताच पुढे जातं. पुढचा सेपरेटर त्याला ओळखतो आणि पुन्हा शेलरकडे परत पाठवतो. या परतीच्या धानातच सगळी गफलत आहे. यंत्रं भरलेली दिसतात, पट्टे धावत असतात, आवाज नेहमीचाच येतो. पाहणाऱ्याला वाटतं गिरणी जोरात चालू आहे. प्रत्यक्षात तेच धान गोल गोल फिरत असतं, वीज जळत असते आणि शेवटच्या तोंडाशी तांदूळ कमी पडत असतो. शिवाय पुन्हा पुन्हा रोलमधून गेलेला दाणा तुटतो तो वेगळाच.

परतीच्या एलिव्हेटरचा करंट आणि शेवटच्या काट्यावरचं वजन शेजारी शेजारी मांडलं की ही गोष्ट त्याच दुपारी उघडी पडते. परतीचा आकडा चढतोय, तांदळाचा उतरतोय, क्विंटलमागे विजेची युनिटं वाढताहेत, म्हणजे रोल बघा. महिन्याच्या वीजबिलातून हे कधीच कळलं नसतं. बिल सांगतं की पैसे गेले. कुठल्या यंत्रात गेले, कुठल्या तासाला गेले, ते सांगत नाही.

कारखानदारीत यासाठी एक मोजपट्टी आहे, ओईई. जपानच्या सेइची नाकाजिमा यांनी यंत्रांच्या देखभालीच्या कामातून ती पुढे आणली. तिच्यात तीन प्रश्नांचा गुणाकार असतो. यंत्र चालायला हवं होतं त्यातला किती वेळ चाललं? चाललं तेव्हा पुरत्या वेगाने चाललं का? आणि जो माल निघाला त्यातला किती पहिल्याच फेरीत पास झाला? समजा, १२ तासांच्या पाळीत गिरणी १० तास चालली. तासाला ४० क्विंटलची क्षमता असून ३२ च भरडले. आणि तांदळातला ९० टक्के पहिल्याच फेरीत कसाला उतरला. एकेक आकडा ऐकायला बरा वाटतो: ८३ टक्के, ८० टक्के, ९० टक्के. गुणाकार केला की ६० उरतात. मालकाला वाटत असतं नवी मशीन घ्यावी लागणार. खरं तर असलेल्या मशीनचे ४० टक्के आधीच हातातून निसटत असतात.

चाकण-पिंपरीच्या वाहन कारखान्यांत हे गणित रोजचं झालं आहे. २०११ साली जर्मनीत हानोव्हरच्या औद्योगिक मेळ्यात अशा जोडलेल्या यंत्रांच्या कारखानदारीसाठी ‘इंडस्ट्री ४.०’ हा शब्द पुढे आला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या समर्थ उद्योग योजनेतून पुण्यात सी४आय४ ही प्रयोगशाळा उभी राहिली आणि लहान उद्योगांनाही हे शिकवण्याची सोय झाली. गोंदियाच्या गिरण्यांत सॉर्टेक्स हे दाणे निवडणारं यंत्र येऊन तर बरीच वर्षं झाली. त्यातले कॅमेरे घरंगळणाऱ्या दाण्यांतला काळा दाणा टिपतात आणि हवेचा एक झोत त्याला उडवून लावतो. म्हणजे दाण्यागणिक मोजणारं यंत्र गिरणीत आहेच. किती दाणे उडवले ही माहितीही त्याच्याकडे असते. पण ती कुणी मागच्या शेलरशी जोडून बघत नाही आणि यंत्र बंद झालं की बहुधा तिथेच राहते.

हे आकडे जोडले नाहीत तर काय होतं याचं चांगलं उदाहरण पोषक तांदळाचं आहे. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी जाहीर केलं की सरकारी योजनांतला तांदूळ २०२४ पर्यंत पोषणयुक्त केला जाईल. मग गिरण्यांत ब्लेंडर बसले. लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेला एक किलो दाणा १०० किलो तांदळात मिसळायचा, अशी तेव्हाची पद्धत. ब्लेंडर तासाला ४० क्विंटलवर लावून ठेवला तर तो तासाला ४० किलो पोषक दाणा सोडतो. आता रोल झिजले आणि तांदूळ तासाला ३० क्विंटलच येऊ लागला, तरी ब्लेंडरला त्याची खबर नसते. तो ४० किलोच सोडत राहतो आणि प्रमाण सव्वा टक्क्याच्याही वर जातं. उलट झालं तर आश्रमशाळेच्या ताटात ठरल्यापेक्षा कमी लोह पडतं. डोळ्यांनी हे ओळखू येत नाही, प्रयोगशाळेत नमुना गेला तरच कळतं. तांदळाचा काटा आणि ब्लेंडर एका तारेने जोडले की तांदूळ मंदावताच ब्लेंडरही मंदावतो. एवढीशी तार, पण मुलांच्या रक्ताशी तिचा थेट संबंध आहे.

अडचणी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. तुसाची धूळ सगळ्यावर बसते, कॅमेऱ्यांवरही. उंदीर वायरी कुरतडतात. एखादी फेज जाते, मोटर दोन फेजवर घरघरते आणि जळते. इथे तर तिन्ही तारांवर कड्या बसवल्या की त्या लगेच उपयोगी पडतात, कारण तीन तारांतला करंट असमान झाला की डबी मोटर बंद करायला सांगू शकते. जंगलपट्ट्यात मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून डबीतच आठवडाभराची नोंद साठेल आणि रेंज आली की पुढे जाईल अशी सोय हवी. शहरातल्या कारखान्यासाठी केलेलं यंत्र आहे तसं उचलून इथे बसवलं तर ते महिनाभरात कपाटात जाईल.

त्याहून नाजूक प्रश्न मिस्त्रीचा. आकडे फक्त मालकाच्या मोबाइलवर गेले, तर मिस्त्रीला तो पहारा वाटतो आणि का वाटू नये? गिरणी का थांबली याचं कारण मशीनला कळत नाही. लाइट गेली, बारदाना संपला की हमाल जेवायला गेले, ते सांगणारा माणूस तोच असतो. कारणाशिवाय नोंदलेली ‘४० मिनिटं बंद’ ही ओळ त्याच्यावर आळ घेते. कारण जोडलं की तीच ओळ त्याची साक्ष होते. म्हणून आकडे दाखवणारा पडदा आधी पॉलिशरपाशी लागला पाहिजे, मिस्त्रीच्या डोळ्यांसमोर, मराठीत. त्याच्या अंगठ्याने बाजूला सारलेली कणी आणि पडद्यावरचा आकडा जुळतो का, हे त्यानेच ठरवावं. पहिले काही दिवस तरी यंत्राने त्याच्याकडून शिकायचं असतं.

आणि इतकं करूनही तुकडा का वाढला याचं उत्तर पुष्कळदा गिरणीत सापडत नाही. सोललेला दाणा मोबाइलच्या टॉर्चवर धरून बघा. आडव्या बारीक रेषा दिसतात, केसासारख्या. हे तडे गिरणीने पाडलेले नसतात. कापलेलं धान दिवसा कडक उन्हात झपाट्याने वाळतं, रात्री दवात पुन्हा ओल धरतं, आतला आणि बाहेरचा भाग वेगवेगळ्या चालीने आकसतो-फुगतो आणि दाणा आतून चिरतो. गोदाम पुरत नाही म्हणून उघड्यावर ताडपत्रीखाली राहिलेल्या धानावर अवकाळी पाऊस आला की तेच पुन्हा होतं. अशा वेळी पॉलिशर फक्त आधीच चिरलेला दाणा मोडतो. दोष त्याच्या माथी येतो, कारण मोजमाप तिथपासून सुरू होतं.

म्हणून ही तार गिरणीच्या दाराशी थांबून उपयोगाची नाही, ती मागे चिचगडच्या खरेदी केंद्रापर्यंत यायला हवी. थप्पीच्या पोटात ओलावा आणि उष्णता मोजणारी एक सळई, काट्याला जोडलेली नोंद, ट्रक निघाला तेव्हाचं वजन आणि ओलावा. तेच आकडे लॉटसोबत गिरणीत पोचले तर ६७ चा वाद तोंडी राहणार नाही. कुठल्या केंद्राचं, किती दिवस पडलेलं, किती वाळलेलं धान किती उतरतं, हे हंगामागून हंगाम कागदावर येईल. उताऱ्याचा आकडा बदलायचा की नाही याची बोलणी तेव्हा पुराव्यावर होतील.

ओलावा मोजायचं यंत्र केंद्रावर आजही असतं. धान त्यात ओततात, बटण दाबतात आणि आकडा उमटतो तो बहुधा यंत्र हाताळणाऱ्याच्या बाजूला. बैलगाडीने नाहीतर ट्रॅक्टरने कट्टे घेऊन आलेली माणसं पलीकडे उभी असतात आणि तोंडी सांगितलेला आकडा ऐकतात. जोडणीची सुरुवात इथून करता येईल. यंत्राला दुसरा एक पडदा लावावा, मोठ्या अंकांचा, शेतकऱ्याकडे तोंड केलेला, आणि तोच आकडा पावतीवर छापला जावा.