बाहेर ३० डिग्री तापमान, तरी विमानाच्या इंजिनात बर्फ कसा होतो?

नागपूर-भंडारा महामार्गावरचं शहापूर. इथून एका बाजूला नागपूरचा फ्लाइंग क्लब, दुसऱ्या बाजूला गोंदियाचं बिरसी विमानतळ. दोन्हीकडे पोरं पायलट व्हायचं शिकतात. आणि ज्या शिकाऊ विमानात कार्ब्युरेटर असतो, त्यात सुरुवातीलाच एक धडा घोकून घ्यावा लागतो, तो म्हणजे कार्ब्युरेटरमधला बर्फ.

भंडाऱ्याच्या दमट पावसाळ्यात बर्फ? हो.

हातावर पेट्रोल सांडलं की गार लागतं, ते आठवा. नागपूर क्लबकडच्या सेस्ना १५२ सारख्या विमानात जुन्या बाईकसारखाच कार्ब्युरेटर असतो. हवा त्याच्या अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथंच पेट्रोलची वाफ होते आणि तापमान झपकन खाली येतं. ही घसरण ३० डिग्रीच्याही पुढे जाऊ शकते. मग हवेतला ओलावा आतच गोठतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. सगळ्यात जास्त धोका २० डिग्रीच्या खाली, पण हवा दमट असेल तर ३५ डिग्रीलाही हे होऊ शकतं.

लक्षण एकदम साधं असतं. थ्रॉटलला हात न लावता आरपीएम हळूहळू उतरतो. लँडिंगसाठी खाली येताना मात्र पॉवर आधीच कमी केलेली असते, त्यामुळे ते कळतच नाही. म्हणून पॉवर कमी करण्याआधीच 'कार्ब हीट'चा नॉब ओढायचा. सायलेन्सरभोवती तापलेली हवा मग कार्ब्युरेटरमध्ये येते.

खरी गंमत इथे आहे. बर्फ झालेला असताना नॉब ओढला की इंजिन आधी आणखी बिघडल्यासारखं वाटतं. आरपीएम पडतो, वितळलेलं पाणी आत गेल्यामुळे इंजिन खोकतं. नवखा घाबरतो आणि नॉब परत आत ढकलतो. बर्फ तिथंच राहतो! थोडा दम धरला तर आरपीएम पुन्हा चढतो. उशीर केला तर आणखी वाईट, कारण इंजिन मंदावलं की सायलेन्सरही गार होतो आणि बर्फ वितळवायला उष्णताच उरत नाही.

उड्डाणाआधी १७०० आरपीएमला हा नॉब तपासतात. आरपीएम थोडा पडला तर गरम हवा येतेय असं समजायचं. पण जमिनीवर तो उगाच ओढून ठेवायचा नाही. ही हवा फिल्टरमधून येत नाही, सगळी धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात कार्ब्युरेटरच नसतो, त्यामुळे तिथं ही भानगड नाही.